विसावं नाव

ऋतुजाच्या नावाला वर्गातून कुणीतरी "हजर" म्हणालं, आणि शिवरंजनीचं पेन हजेरीपटावर जागच्या जागी थांबलं. आवाज बारीक होता, मुलीचा होता, रोज ऐकू येणाऱ्या एकोणीस आवाजांपैकीच एक होता. पण ऋतुजा वर्गात नव्हती. मे महिन्यापासूनच नव्हती. जूनमध्ये शाळा उघडल्यापासून शिवरंजनी तिचं नाव न पुकारताच पुढे 'ह' मांडत आली होती. सोळा नंबर झाला की घशात एक हलकासा ठसका, आणि मग एकदम अठरा. आज कोण जाणे कसं, सतराव्या ओळीवर तोंडातून नाव निघून गेलं, आणि त्याला उत्तरही आलं. तिनं मान वर केली. कुणी हसत नव्हतं, आणि त्याचीच तिला भीती वाटली. हसली असती पोरं तर रागावता आलं असतं. "कोण म्हणालं?" तिनं विचारलं, तेव्हा तिसऱ्या बाकावरची अर्पिता उभी राहिली. ऋतुजाची जागा तिच्या शेजारची, आणि त्या जागेवर आता अर्पिताचं दप्तर बसायचं. "मी म्हनले, म्याडम. तुमी रोज तिची मांडायलाव की. नाव घेतल्यावर कुनीच काई न्हाई म्हनलं तर कसं दिसतंय?" म्हणजे पोरांना सगळं ठाऊक होतं, जूनपासून. "बस खाली," शिवरंजनी म्हणाली आणि 'ह' मांडला. दुसऱ्या दिवसापासून ती नाव पुकारू लागली आणि अर्पिता हजर म्हणू लागली. ठसक्यापेक्षा हे बरं होतं. चोरी उघड्यावर केली की चार दिवसांत तिची रीत होते.

गावात त्या शाळेला पत्र्याची शाळा म्हणत. परभणीतल्या बाकीच्या शाळांसारखं हिलाही एका थोर माणसाचं नाव होतं, पण ते उन्हानं पाटीवरून उडालं होतं आणि पुन्हा रंगवायची घाई कुणालाच नव्हती. रुळांच्या पलीकडे एक लांब हॉल, त्याचे प्लायवुडनं केलेले तीन तुकडे. नववीत कविता चालली असली की प्लायवुडच्या पलीकडून आठवीचं गणित येऊन तिच्यात बसायचं. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत गॅसची शेगडी आणि खिचडीचं पातेलं होतं, आणि भिंतीवरच्या हाडांच्या सापळ्याचा तक्ता फोडणीच्या वाफेनं पिवळा पडला होता. इथं शिवरंजनी आठ वर्षं बिनपगारी शिकवत होती. आज ना उद्या मान्यता येईल, या एका वाक्यावर माणूस आठ वर्षं जगू शकतो, हे तिला कुणी आधी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. तिची सासू शिवम्मा दुकानावर गिऱ्हाइकं असली की मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "आमची सून म्हंजे बिनपगारी फुल अधिकारी." गिऱ्हाईक हसायचं. नवरा राजेश्वर हसायचा नाही, पुड्या बांधत राहायचा, आणि त्यातच त्यानं आपलं नवरेपण निभावलं असं तो समजत असावा. यंदा मात्र दिवस खरंच जवळ आले होते. मराठीचे जुने सर निवृत्त होणार होते आणि त्यांची जागा शिवरंजनीला मिळायची होती. अट एकच. सप्टेंबरअखेरच्या मोजणीत नववीचा पट वीसच्या खाली जाता कामा नये. वीसच्या खाली पट गेला तर पदच उडणार होतं, मग सर निवृत्त होवोत नाहीतर अमर होवोत. वर्गात नावं होती बरोबर वीस. "मॅडम," मुख्याध्यापक अनंतराव म्हणाले होते, "पट म्हणजे कुंकू समजा. ते आहे तोवर शाळा सवाष्ण." सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन शिवरंजनी डोळे मिटायची, आणि मिटल्या डोळ्यांपुढे आकडा यायचा. वीस.

ऋतुजाचं लग्न झाल्याचं तिला शाळा उघडली त्याच दिवशी कळलं होतं, आणि तेही ऋतुजाच्या आईकडूनच. आई म्हणजे कडूबाई, प्रयोगशाळेत खिचडी शिजवणारी. चार भावंडं गेल्यावर झालेली म्हणून आईबापांनी तिचं नाव कडू ठेवलं, म्हणजे मरणाला ती गोड लागू नये. मरणाला लागली नाही, बाकी सगळ्यांना लागली. नवरा नांदेडला दुसरीकडे राहत होता. मधल्या सुट्टीत कडूबाई ताटलीवर ताटली झाकून वर्गात आली आणि दारातच उभी राहून खालच्या आवाजात म्हणाली, "म्याडम, पोरीचं उजवून टाकलं बगा चुडाव्याला. मी दिसभर हितं भात शिजवायलेय, घरी ती एकली, रुळाच्या कडंची ती वस्ती. कुनाकुनाच्या नजरंला पुरी पडू? तिचं नाव तेवढं काढू नका. नाव निघालं की इचारतेत, कुठं गेली, कामून गेली. पंधराची हाय ती. पोलीस येतील, माय." शिवरंजनीनं त्या वेळी खिडकीबाहेर पाहिलं होतं. आपल्या पोटात काय झालं ते तिला नंतर कितीदा तरी आठवलं. आधी धस्स झालं, आणि त्या धस्सच्या मागोमाग, अगदी त्याच्या टाचेला टाच लावून, सुटका. नाव काढायला नको होतं. आईनंच सांगितलं होतं. "बघते," ती म्हणाली, एखाद्यावर उपकार करताना माणूस म्हणतो तसं. कडूबाईनं ताटली उघडली. आत खिचडीच्या तळाची खरपूस खरवड होती. त्या दिवसापासून रोज दुपारी ती खरवड वर्गात येऊ लागली आणि शिवरंजनी ती खात राहिली. चवीला फार छान असायची.

अशा वेळी तिला माहेरच्या, पोखर्णीच्या शाळेतल्या सुमंगलाबाई आठवत. आठवू नयेत म्हणून ती काहीही करायची, वह्या तपासायची, फळा दोनदा पुसायची, पण त्या यायच्याच, डोक्यावर पदर आणि हातात काळी छत्री घेऊन. शिवरंजनी नववीतच होती तेव्हा. वसमतचं स्थळ आलं होतं, मुलाच्या घरची आडत होती, आणि वीरुपाक्ष अप्पांनी, तिच्या वडिलांनी, होकार कळवायचं ठरवलं होतं. सुमंगलाबाई सकाळी येऊन दुकानाच्या पायरीवर बसल्या त्या उठेचनात. देवळाकडे जाणारी माणसं थांबून बघू लागली. अप्पांनी चहा दिला तो त्यांनी बाजूला सरकवला. "शिवरंजनी माझ्या पटावर आहे, अप्पा," एवढंच त्या दर तासाला म्हणत होत्या. "मी नाव खोडणार नाही." दिवेलागणीला अप्पा चिडून म्हणाले, "उठा बाई आता, न्हाई करत लगीन." आपण बाई व्हायचं, हे शिवरंजनीनं त्या संध्याकाळी दुकानाच्या पोत्यांआड उभं राहून ठरवलं होतं. बाई म्हणजे अशी. नाव न खोडणारी. नाव तर तीही खोडत नव्हती, आणि हे आठवलं की तिला स्वतःचा इतका राग यायचा की ती समोरच्या पोराला उगीच शुद्धलेखनाच्या दहा ओळी जास्त द्यायची. मारत मात्र ती कधीच नव्हती. आठ वर्षांत एकाही लेकरावर हात उचलला नव्हता. शाळेत इतर सगळे हात चालवत, आणि आपला तेवढा एक स्वच्छ राहिला म्हणून ती कधीकधी संध्याकाळी त्याच्याकडे बघायची.

मग सप्टेंबरात कळलं की यंदा नुसता कागद चालणार नाही. अधिकारी स्वतः येऊन डोकी मोजणार, यादीतून नावं पुकारणार. अनंतरावांनी तिला खोलीत बोलावलं. "सोयाबीन काढायला गेलेली तीन पोरं मी आणवतो," ते म्हणाले, "पण ती चुडाव्याची तुमच्याकडे. एक दिवस. सकाळी आणायची, संध्याकाळी पोचती करायची. लग्नाचं मला काही ठाऊक नाही, आणि तुम्हालाही नाही. पद माझं नाही, मॅडम, तुमचं आहे." एवढं बोलून ते दुसऱ्या फायलीकडे वळले. रविवारी शिवरंजनी पॅसेंजरनं चुडाव्याला गेली. गाडीत तिनं मनातल्या मनात सुमंगलाबाईंना शेजारी बसवलं आणि त्यांना समजावत राहिली, की मी जातेय ते तिला बघायलाच, की बघितल्यावर कदाचित काही सुचेल. घर स्टेशनापासून जवळच होतं. ऋतुजा अंगणात भांडी घासत होती. राखेनं भरलेले हात तसेच धरून ती उभी राहिली आणि तिचं तोंड असं उजळलं की शिवरंजनीनं नजर काढून घेतली. सासू आत कांदे निवडत बसली होती. "एक दिवस म्हंजे? लगीन झालेली पोर साळंत कशाला?" सासूनं विचारलं. तेव्हा शिवरंजनीच्या तोंडून जे निघालं ते तिनं आधी ठरवलेलं नव्हतं. ती म्हणाली, "पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न लावणाऱ्याला जेल होते, माहीत आहे ना? त्या दिवशी मुलगी वर्गात दिसली नाही तर चौकशी इथपर्यंत येईल. दिसली तर कुणी विचारणार नाही." सासूचे हात कांद्यातच राहिले. घाबरली ती. कायद्याचा आवाज किती पटकन लागू पडतो हे बघून शिवरंजनीला क्षणभर गुंगीच आली. याच वाक्यानं तिला पोरगी कायमची सोडवता आली असती. एक वाक्य पुढं बोलायचं होतं फक्त. तिनं त्या वाक्यावर पोरगी एका दिवसासाठी उसनी घेतली. "न्या," सासू म्हणाली, "पन गळा मोकळा करू नका तिचा. अपशकुन हाय. अन् सांच्याला हितं पायजे ती."

मोजणीच्या दिवशी शिवरंजनी पहाटेच चुडाव्याला येऊन थांबली, आणि परभणीच्या पहिल्या गाडीला सासूनं ऋतुजाला फलाटावर आणून सोडलं. निळा-पांढरा गणवेश, पायात काळे बूट. बुटात जोडवी होती, चालताना रुतत असावीत, कारण ती थोडी लंगडत होती. दप्तर फार जड दिसत होतं. गाडी सुटल्यावर शिवरंजनी म्हणाली, "मंगळसूत्र काढून ठेव." ऋतुजानं काही न विचारता ते काढलं आणि कंपासपेटीत ठेवलं, कर्कटकाशेजारी. पेटी दप्तरात ठेवताना दप्तर उघडलं आणि आत शिवरंजनीला दोन ड्रेस दिसले, घडी घातलेले, त्यावर कंगवा, एक टॉवेल. पोरगी सगळं आवरून आली होती. "म्याडम," खिडकीकडे तोंड करून ऋतुजा म्हणाली, "तुमी मला न्यायलाव ना?" शिवरंजनीला बरोबर कळलं होतं, काय विचारलंय ते. खरं सांगितलं तर पोरगी वर्गात रडेल, आणि रडणारी पोरगी अधिकाऱ्याच्या डोळ्यांत भरेल, हा सगळा विचार पूर्णा स्टेशनाच्या अलीकडेच करून झाला. "चल तर आधी," ती म्हणाली. ऋतुजा हसली आणि मराठीचं पुस्तक काढून सुटलेले धडे वाचू लागली, बोट ठेवून, ओठ हलवत. परभणी येईपर्यंत तिचे दोन धडे झाले होते. ती हुशार होती. ते शिवरंजनीला पहिल्यापासून माहीत होतं.

अधिकारी बाराला आले. पोट सुटलेला, दमलेला, सज्जन माणूस. आधीच्या शाळेत त्यांना जेवण जड झालं असावं, कारण ते खुर्चीत बसल्यावर दोन मिनिटं नुसते घाम पुसत राहिले. मागे अनंतराव उभे होते. अधिकाऱ्यांनी मोबाइलवर यादी उघडली आणि एकेक नाव पुकारत मान वर करून बघू लागले. एक, दोन, तीन. सोयाबीनची पोरं उन्हानं काळी पडलेली होती, पण होती. शिवरंजनी फळ्याला पाठ टेकून उभी होती. सोळा झाले. "ऋतुजा," अधिकारी म्हणाले. आणि वर्गात दोन आवाज एकदम उठले. हजर. हजर. एक तिसऱ्या बाकाच्या उजव्या कडेचा, एक त्याच बाकाच्या डाव्या कडेचा. अर्पिताला तिच्या जिभेनंच दगा दिला होता. जुलैपासून रोज ते नाव आलं की तिची जीभ हलायची, आज ती हलल्यावर मग तिला शेजारी बसलेली ऋतुजा आठवली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. अधिकाऱ्यांनी चष्मा वर सरकवला. "दोन-दोन ऋतुजा?" ते म्हणाले. "की एकीच्या जागी दुसरी म्हणायची सवय आहे?" अनंतराव छताकडे बघू लागले. प्लायवुडच्या पलीकडे आठवीचा पाढा थांबला. आठ वर्षं, शिवम्माचं हसणं, पुड्या बांधणारे राजेश्वरचे हात, सगळं त्या एका शब्दाभोवती येऊन उभं राहिलं. शिवरंजनी तीन पावलं चालली आणि तिनं अर्पिताच्या कानाखाली वाजवली. इतकी जोरात की मागच्या बाकावरचं पोर दचकून उभं राहिलं. "रोज चाळे," ती ओरडली, आणि स्वतःचा असा आवाज तिनं पोखर्णीपासून आजवर कधीच ऐकला नव्हता. "रोज हिचे चाळे, साहेब. दुसऱ्याच्या नावाला हजर म्हणते आणि वर्ग हसवते. कितीदा सांगितलं." अर्पितानं तिच्याकडे पाहिलं. तिला रडूसुद्धा आलं नाही, इतकी ती चकित झाली होती. अधिकारी हसले. "राहू द्या मॅडम, लेकरं आहेत. पण शिस्त आहे हो वर्गाला." मग ते ऋतुजाला म्हणाले, "काय गं, रोज येतेस ना?" ऋतुजा उभी राहिली, ताठ, बुटातले पाय जुळवून. "होय सर. रोज. एक बी खाडा न्हाई." तिला वाटत होतं की या उत्तरावर तिचं राहणं ठरणार आहे. साहेबांनी खूण केली आणि अठराव्या नावाकडे गेले.

दिवसभर शिवरंजनीचा उजवा तळहात हुळहुळत होता. तिनं तो माठातल्या पाण्यानं धुतला, साडीला पुसला, खडू धरून बघितला. मधल्या सुट्टीत ऋतुजा प्रयोगशाळेत आईकडे गेली. कडूबाईनं मान वर केली नाही. पातेल्यातून डाव घालून तिनं लेकीच्या ताटात खिचडी वाढली, मग अजून एक डाव, मग अजून एक, ताट भरून सांडायला लागलं तरी वाढतच राहिली. खरवड मात्र रोजच्यासारखी झाकून वर्गात आली. पाच वाजता अनंतरावांनी शिवरंजनीचं अभिनंदन केलं. "झालं. वीस भरले. आता तुम्ही बाई झालात म्हणा. आणि हो, उद्यापासून त्या पोरीची हळूहळू गैरहजेरी मांडत चला, म्हणजे वर्षअखेर नाव काढायला आपण मोकळे." ती मान हलवत राहिली. शिवम्माला काय सांगायचं, कसं सांगायचं, दुकानात गिऱ्हाईक असतानाच सांगायचं, हेही तिच्या डोक्यात येऊन गेलं, आणि त्या विचारानं तिला आनंद झाला. खरा आनंद झाला, आणि तो तिला लपवता येईना.

संध्याकाळच्या पॅसेंजरमध्ये ऋतुजा सुरुवातीला बोलत होती. रस्ता स्टेशनाकडे वळला तेव्हाही ती बोलतच होती. म्याडम पोखर्णीच्या, तिकडं नेत असतील, असं तिनं मनात धरलं होतं की काय कोण जाणे. गाडी पूर्णेला थांबली आणि बराच वेळ थांबूनच राहिली. बाहेर भजी तळत होते. तिथं पुढचं स्टेशन कोणतं ते ऋतुजाला कळलं. रडली नाही, भांडली नाही. थोड्या वेळानं तिनं दप्तर उघडलं, कंपासपेटी काढली आणि शिवरंजनीपुढे धरली. "घाला, म्याडम. गळा मोकळा दिसला तर मारतेत." मंगळसूत्राचा आकडा तुटका होता, मागे दोऱ्यानं बांधावं लागत होतं. ऋतुजानं वेणी पुढे घेऊन मान वाकवली. मानेवर घामोळं होतं आणि त्याच्या खाली एक जुना पिवळट वळ. शिवरंजनीनं गाठ मारली, ती सुटली. पुन्हा मारली. समोरच्या बाकावरची एक म्हातारी कौतुकानं बघत होती. "घट्ट बांधा," ऋतुजा म्हणाली. तिनं घट्ट बांधली. चुडाव्याच्या फलाटावर सासू उभी होती. उतरायच्या आधी ऋतुजा दारात वळली आणि खरंच काळजीनं विचारावं तसं तिनं विचारलं, "म्याडम, उद्या मह्या नावाला हजर कोन म्हनंल? अर्पिताला तर तुमी मारलं."

दुसऱ्या दिवशी शिवरंजनीनं हजेरी घेतली. कपाळाला विभूती होती, अंगावर नवी साडी होती. शिवम्मानं सकाळी आपणहून चहा केला होता. सोळा झाले. सतरावं नाव पुकारायची गरज नव्हती, नुसतं 'गै' मांडून पुढं जायचं होतं. पण जिभेला लागलेलं वळण, नाव निघून गेलं. एकोणीस तोंडं तिच्याकडे बघत होती. मग अर्पिता उभी राहिली. गाल अजून सुजलेला होता. बाकातून बाहेर येऊन ती टेबलापर्यंत चालत आली, जवळ येऊन थांबली, गाल पुढे केला, आणि म्हणाली, "हजर." शिवरंजनीनं आधी 'गै' मांडला. पेन नीट बंद करून ठेवलं. मग हात उचलला. दुसऱ्या खेपेला तो तेवढा हुळहुळला नाही.